आकडा दिसला तर इंजिन वाचेल



इंजिनचे तापमान आकड्यात दाखवणारे डिजिटल मीटर बाहेरून आणून डॅशबोर्डवर बसवणे म्हणजे स्पोर्ट्स कारवाल्यांचा शौक, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर शिरूर अनंतपाळहून लातूर, उदगीरकडे कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या टेम्पोला त्याची गरज अधिक. अनेक गाड्यांत फक्त लाल दिवा असतो. तो पेटतो तेव्हा इंजिन जादा तापलेले असते. हेड गॅस्केट गेले की दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो आणि आठवडी बाजारही बुडतो. चालत्या इंजिनचे पाणी साधारण ८० ते १०० अंशांत असते. आकडा रोजच्यापेक्षा चढू लागताच चालकाला गाडी थांबवता येते.

मात्र नुसते मीटर आणून भागत नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला हवा. पाणी गळून गेले तर तो फसवा, कमी आकडा दाखवू शकतो. म्हणून मूळचा लाल दिवा काढू नये. मूळ वायरिंग कापू नये, फ्यूज जरूर टाकावा. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच. घासाघीस मीटरच्या किमतीत करा, त्याच्या मेहनतान्यात नको.