टिचक्या मारणाऱ्यांनो, हात आवरा!

घरी मोह गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. तेव्हा आमच्या भंडाऱ्याच्या कल्हईदार पितळी गुंडात 'मोहाचं पाणी' आहे असं समजून चालू. प्रश्न एवढाच, की उरलंय किती?

कोणीही उठतो नि टिचकी मारतो! म्हणे, डॉक्टर छाती नाही का ठोकत? ठोकतात. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरने १७६१ साली ती युक्ती पुस्तकात मांडली. बाप खानावळवाला, वाइनची पिंपं ठोकून बघायचा म्हणतात. पण ती लाकडी हो! पितळ सबंधच घणघणतं. जलतरंगवाल्याचा कान असेल तर गोष्ट वेगळी.

त्याहून वाईट ते झाकण उघडून 'नुसतं बघणारे'. बघून झालं की मिशा पुसतात! आणि ज्या गड्याने चैत्रात पहाटे उठून फुलं वेचली, त्याच्या वाट्याला रिकामा पेला.

अहो, गुंडावर बाहेरून कढत पाणी ओता, वरून खाली हात फिरवा. गार लागेल तिथून खाली माल. नाहीतर सरळ तराजूवर ठेवा, रिकाम्या गुंडाचं वजन वजा करा. लिटर किलोपेक्षा थोडं कमीच भरतं, तेवढं धरा. पण तराजू काढला, की मिशावाल्यांना अपमान वाटतो!