आरोग्याच्या चार गोष्टी: एका गोळीत दोन औषधं



संध्याकाळी पाय सुजतात, चपला घट्ट होतात, ही तक्रार आपल्या वडीलधाऱ्यांत नेहमीची. मुलांनो, आजीच्या नडगीवर अंगठा थोडा वेळ हळूच दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर कातडीखाली पाणी साठलं आहे असं समजा.

हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत थकलं की शरीर मीठ धरून ठेवतं, आणि जिथे मीठ तिथे पाणी. म्हणून डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे त्यातलं जुनं औषध. ते मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढतं आणि मिठामागोमाग पाणी जातं. पण त्याबरोबर पोटॅशियमही जातं. ते फार कमी झालं तर पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, हृदयाचे ठोके बिघडतात.

यासाठीच त्याच गोळीत दुसरं औषध घालतात, अमिलोराइड किंवा ट्रायमटेरीन. एकट्याने ते फारसं पाणी काढत नाही, पण पोटॅशियम राखतं. एक दार उघडतं, दुसरं राखणीला बसतं!

आता सांभाळायची गोष्ट. राखणदार असताना वरून पोटॅशियम भरलं, तर ते जास्त होतं आणि तेही हृदयाला घातक. बरेचदा आधी काही जाणवतही नाही. म्हणून ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. कपाटातल्या जुन्या पोटॅशियमच्या गोळ्या घेऊ नका. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन किंवा दुखण्यावर आयबुप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. कुपत होलीममध्ये सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नका.

गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री अंधारात उठून पडायची भीती कमी. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा. लोणचं, पापड, खारवलेले ऑलिव्ह, पाकिटातलं सूप बेतानेच.

उलट्या-जुलाब झाले किंवा शरावचा कडक उन्हाळा असला, तर गोळीचं काय करायचं ते विचारा. योम किप्पूरच्या उपासाबद्दल तर आठवडाभर आधीच विचारा. मनाने गोळी बंद करू नका, दुप्पटही घेऊ नका.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थांबू नका. मुलांनो, नंबर पाठ करा: १०१.

काळजी घ्या.