अम्मींचा खुराडा

परसदारी चार कोंबड्या असाव्यात ही अम्मींची जुनी हौस. अंड्यांचे पैसे त्यांच्याच हातात राहतात, नातवंडांची ईदी त्यातून निघते. म्हणून गेल्या वर्षी मोडका खुराडा पाडून आम्ही नवा बांधला.

चारी बाजूंना कोंबड्यांची म्हणून मिळणारी बारीक तारेची षट्कोनी जाळी लावली. स्वस्त पडली. ही जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकार करणाऱ्याला बाहेर ठेवत नाही, हे ऑगस्टमधल्या एका पहाटे कळले. फजरला उठलो तर कोंबड्याची बांग नाही, अंगणभर पिसे. उदमांजराने कोपऱ्यातली जाळी उचकटून आठांपैकी पाच मारल्या होत्या. अम्मी काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या परसात गेल्याच नाहीत.

आता अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची वेल्डेड जाळी आहे. ती नुसत्या खिळ्यांवर न सोडता लाकडी पट्ट्यांखाली दाबून स्क्रूने आवळली. घूस खालून पोखरते, म्हणून बाहेरच्या बाजूला फूटभर रुंद जाळी जमिनीलगत आडवी पसरून वर माती आणि जांभ्याचे चिरे टाकले. कडीला खिटीही लावली.

दुसरी चूक हवेची. पाऊस आत येऊ नये म्हणून तीन बाजू पत्र्याने गच्च बंद केल्या होत्या. विष्ठा ओली राहून असा उग्र दर्प सुटला की आपलेच डोळे चुरचुरायचे, मग रात्रभर आत बसणाऱ्या कोंबड्यांचे काय होत असेल? आता छपराखाली वीतभर फट ठेवून तिला जाळी लावली. आमच्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, त्या बाजूला छप्पर दीड फूट पुढे काढले. खाली भाताचे तूस, ओले झाले की तेवढेच काढायचे.

पण खरी चूक वेगळीच होती. रोज झाडणार कोण, अंडी काढणार कोण, तर अम्मी. आणि दार केले होते अडीच फुटांचे! गुडघे दुखणाऱ्या बाईने ओणवे होऊन आत शिरायचे. आम्ही गवंड्याशी तासभर बोललो, अम्मींना एका शब्दाने विचारले नाही. विचारल्यावर त्यांनी उभ्या-उभ्या सांगितले : बसायच्या दांड्या अंड्यांच्या पेटीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपून घाण करतील. आमच्या दांड्या अर्थातच खाली होत्या.

नव्या खुराड्याचे दार माणसाच्या उंचीचे आहे. पेटीचे झाकण बाहेरून, कंबरेच्या उंचीवर उघडते. सध्या एक कोंबडी खुडूक आहे. अम्मींनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आहेत आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला खूण केली आहे.