सुईणीला वेठ नको, अधिकार हवा



गावगाड्याने नाळ कापण्याचे काम विटाळाचे ठरविले आणि म्हणूनच ते मांग-महारांच्या स्त्रियांवर लादले. ज्या हातांनी पाटलाचा वंश जगात आणला, त्या हातांचे पाणी पाटलाच्या घरी चालत नव्हते! १९५६ नंतर आपण ही लाचारी झुगारली, ते योग्यच झाले. परंतु झुगारावयाची होती ती वेठ, विद्या नव्हे.

आज कायद्याची स्थिती काय आहे? परिचारिका व मिडवाइफ यांच्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संसदेने २०२३ साली केला. मान्यताप्राप्त शिक्षण नसलेल्या सुईणीला त्यात स्थान नाही. बाळंतिणीचा अतिरक्तस्राव टाळणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वतःच्या अखत्यारीत देण्याची तिला मुभा नाही. मात्र बाळंतीण दगावली, तर भारतीय न्याय संहितेचे निष्काळजीपणाचे कलम १०६ तिलाही लागू होऊ शकते. जबाबदारी आहे, अधिकार नाही! वकिलीच्या भाषेत यास विसंगती म्हणतात. आपल्या अनुभवाच्या भाषेत याचे नाव वेठ असे आहे.

कोणी म्हणेल, सुईणींचा काळ सरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरपैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाली. हे समाधानाचे आहे आणि दवाखान्याची वाट कोणीही सोडू नये. पण उरलेली पाच कोणाची? ती बंगल्यांतील नव्हेत. ऊसतोडीच्या कोपीत किंवा आडरानातल्या वस्तीवर अवेळी कळा सुरू झाल्या, तर गाडी येईपर्यंत त्या मातेने कोणाकडे पाहावे?

दुसरा आक्षेप असा की, अल्पशिक्षित बाईच्या हाती औषध कसे द्यावे? बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात गावपातळीवरील बाळंतपणांत सहायक परिचारिकांनी ही गोळी दिली. गोळी न मिळालेल्या स्त्रियांत अतिरक्तस्राव १२ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के आढळला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकविले. नवजाताच्या जंतुदोषावर त्यांनी सुई टोचली आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. कुशल परिचारिका नसेल तेथे प्रशिक्षित गावसेविकेने ही गोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली केली. मग अडते कोठे? बुद्धीत नव्हे, विश्वासात!

आमची मागणी मर्यादित आहे. सुईणीला प्रशिक्षण द्या व तिची नोंदणी करा. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून ही एक गोळी देण्याचा अधिकार नियमात लिहा. १०८ ची गाडी बोलावताना तिच्या शब्दाला मान द्या. तिला साडीचोळी नव्हे, ठरलेले मानधन द्या. आणि ही नोंदणी सर्व जातींच्या स्त्रियांना खुली ठेवा. नाहीतर जुन्याच वेठीवर सरकारी शिक्का बसेल.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळंतपण हा दैवाचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे, हा धडा आपण त्यातून घ्यावा. हट्टा येथील भगिनींनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. तो कायद्याच्या भाषेत लिहून देण्याचे काम माझे.