नवा डिरेलर घेण्यापूर्वी दाते मोजा

गिअरच्या सायकलीला दोन पावसाळे झाले की बहुतेकांच्या वाट्याला एक दिवस येतो. हँडलवरचा खटका दाबावा तर साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर जात नाही; गेलीच तर तेथे टिकत नाही; आणि पायडल मारताना मागून सारखी करकर ऐकू येते. सायकल दुकानात नेली की निदान एका वाक्यात होते : "डिरेलर गेला, नवा टाका." त्यामागोमाग प्रश्न येतो, साधा टाकायचा की भारी? भारी तो चांगला, असे आपण सारेच धरून चालतो. या दोन्ही गोष्टींना माझी हरकत आहे. पुष्कळदा डिरेलर गेलेलाच नसतो. आणि खरोखरच गेला असेल, तर दुकानातला भारी डिरेलर तुमच्या सायकलीला अगदीच निरुपयोगी ठरू शकतो.

'डिरेलर' हा शब्द फ्रेंच आहे. रुळावरून घसरवणारा, असा त्याचा अर्थ. रेल्वेच्या डायमंड क्रॉसिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या नागपूरकरांना हे नाव ऐकून धडकी भरेल. पण या यंत्राचे काम खरोखर तेवढेच आहे. चालत्या साखळीला बाजूला ढकलून एका चक्रावरून घसरवायचे आणि शेजारच्या चक्रावर चढवायचे. त्यासाठी चार पट्ट्यांचा एक समांतरभुज चौकोन असतो. केबल ओढली की तो तिरका होतो आणि त्याच्या टोकाशी असलेला पिंजरा आत सरकतो. केबल सैल सोडली की स्प्रिंग त्याला परत बाहेर नेते. १९६४ मध्ये जपानच्या सनटूर कंपनीने हा चौकोन कलता बसवला, त्यामुळे पिंजरा सरकताना लहानमोठ्या चक्रांपासून त्याचे अंतर जवळजवळ सारखे राहू लागले. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने खटक्यागणिक केबल ठरावीक मापानेच ओढणारा शिफ्टर आणला. तुमच्या सायकलीच्या 'टक्‌ टक्‌' आवाजाचे मूळ तेथे आहे. तोपर्यंत स्वाराला अंदाजाने, कान देऊन गिअर लावावा लागे. 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीत तर १९३७ पर्यंत डिरेलर वापरण्याची परवानगीच नव्हती!

आता दुरुस्तीकडे वळू. डिरेलर ज्या छोट्या कानासारख्या पट्टीला अडकवलेला असतो तिला हँगर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा हँगर बहुधा वेगळा, स्क्रूने बसवलेला असतो आणि तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. घरातल्या विजेच्या फ्यूजने जसे स्वतः जळून उपकरण वाचवायचे, तसे हँगरने स्वतः वाकून फ्रेम वाचवायची. शाळेच्या सायकल स्टँडवर एका रांगेतल्या दहा सायकली एकमेकींवर कोसळताना तुम्ही पाहिल्याच असतील. उजव्या अंगावर पडलेल्या सायकलीचा हँगर आत वाकण्याचा संभव फार. तो फक्त २ अंश वाकला असे समजा. डिरेलरचे खालचे छोटे चाक हँगरच्या सुमारे १५ सेंटिमीटर खाली असते. २ अंशांचा टॅन सुमारे ०.०३५, म्हणजे ते चाक जागेवरून ५ मिलीमीटर सरकले. सात चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये शेजारच्या दोन चक्रांतले अंतर नेमके ५ मिलीमीटर असते! मग गिअर कसे लागावेत?

म्हणून सायकलीच्या मागे उकिडवे बसा आणि एक डोळा मिटून पाहा. वरचे दंतचक्र आणि डिरेलरची दोन्ही छोटी चाके एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर आधी हँगर सरळ करून घ्या किंवा बदला. डिरेलरच्या मानाने तो पुष्कळच स्वस्त पडतो. वाकड्या हँगरवर नवा कोरा डिरेलर लावणे म्हणजे तिरप्या भिंतीवर सरळ तसबीर टांगण्याचा खटाटोप. आणि हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. हँगर आत वाकलेला असताना सर्वांत मोठ्या चक्रावर साखळी नेली तर डिरेलर मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये जाऊ शकतो. चाक एकदम अडकते, स्वार पडतो, आणि मागून ट्रक येत असेल तर पुढचे सांगायला नको. केबल गंजली किंवा तिचे आवरण चिखलाने भरले तरीही गिअर असेच अडखळतात. तेही आधी तपासावे.

एवढे पाहूनही डिरेलर बदलावाच लागला, तर पहिले काम दाते मोजण्याचे. आपल्याकडच्या २१ गिअरच्या पुष्कळ सायकलींना पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची चेनव्हील असतात आणि मागे १४ पासून २८ दात्यांपर्यंत सात चक्रे. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते आणि २६ इंची चाकाची सायकल सुमारे सव्वासहा मीटर जाते. उलट २४ भागिले २८ केले तर ती पावणेदोन मीटरच्या आसपासच जाते, पण रामटेकचा गड चढायला जोर कमी लागतो. या दोन टोकांमध्ये जी साखळी मोकळी पडते ती ओढून ताठ ठेवण्याचे कामही डिरेलरच्याच पिंजऱ्याचे. किती मोकळी पडते? पुढचा फरक १८ दात्यांचा, मागचा १४ दात्यांचा, मिळून ३२. साखळी प्रत्येक चक्राच्या साधारण अर्ध्या घेराला लपेटलेली असते, म्हणून १६ दात्यांइतकी साखळी सुटते. प्रत्येक कडी १२.७ मिलीमीटरची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर साखळी. जवळजवळ वीतभर! आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला ती सावरता येत नाही. ३२ या आकड्याला डिरेलरची एकूण क्षमता म्हणतात आणि तो कंपनीच्या तक्त्यात दिलेला असतो. तुमच्या बेरजेपेक्षा तक्त्यातला आकडा लहान असेल तर तो डिरेलर परत ठेवून द्या. त्याच तक्त्यात, डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांच्या चक्राखाली मावतो तेही असते. मागचे मोठे चक्र २८ ऐवजी ३४ दात्यांचे असेल तर हा आकडा विसरून चालणार नाही.

नागपूर सपाट आहे, सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर पुढचे लहान चेनव्हील लागते कोणाला, मग एवढी क्षमता कशाला, असे कोणी म्हणेल. शंका योग्य आहे. पण हात चुकून कोणताही खटका दाबतो. क्षमता कमी पडते म्हणून साखळी आखूड केली आणि पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चक्रे लागली, तर ती ताणली जाऊन डिरेलर उखडू शकते. हिशेब नेहमी वाईटात वाईट स्थितीचा करावा.

आता भारी डिरेलरची गोष्ट. केबल १ मिलीमीटर ओढली असता डिरेलर किती सरकतो, हे गुणोत्तर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे आहे. शिमानोच्या ६ ते ९ चक्रांच्या जुन्या पद्धतीच्या डिरेलरमध्ये ते सुमारे १.७ असते. सात चक्रांचा शिफ्टर दर खटक्याला सुमारे २.९ मिलीमीटर केबल ओढतो, २.९ गुणिले १.७ म्हणजे जवळजवळ ५ मिलीमीटर. हिशेब जुळला. आता त्याच कंपनीचा डोंगरी सायकलीचा, दहा चक्रांचा, कितीतरी महाग डिरेलर आणून लावा. त्याचे गुणोत्तर आहे सुमारे १.२. दर खटक्याला तो ३.५ मिलीमीटरच सरकेल. सहा खटक्यांत ९ मिलीमीटरची तूट येईल, म्हणजे जवळजवळ दोन चक्रांची. यंत्र नवे, घडण सुबक, आणि तरीही एक गिअर नीट लागणार नाही. स्रॅम कंपनीच्या बऱ्याच डिरेलरांचे गुणोत्तरही असेच वेगळे आहे. याउलट जुन्या पद्धतीचा आठ किंवा नऊ चक्रांचा शिमानो डिरेलर सातच्या शिफ्टरवर सुखाने चालतो, कारण चक्रे किती आहेत याचा डिरेलरला पत्ताच नसतो. मोजमाप ठेवतो तो शिफ्टर. २०२३ मध्ये शिमानोने 'क्यूज' नावाची नवी मालिका आणली. तिच्यातले ९, १० आणि ११ चक्रांचे भाग एकमेकांशी जुळतात, हे स्तुत्य आहे. पण तुमच्या जुन्या शिफ्टरशी ते जुळत नाहीत.

याचा दोष मी मिस्त्रीला देणार नाही. त्याच्या हाती जो भाग येतो त्यावर ना क्षमता छापलेली असते, ना गुणोत्तर. त्याने अनुभवाने आणि नजरेने किती ताडावे? विजेच्या साध्या दिव्यावर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात, औषधाच्या पट्टीवर मात्रा असते. मग शेकडो रुपयांच्या, कधी हजारांच्या डिरेलरवर दोन आकडे छापायला काय हरकत आहे? फ्रेमवर हँगरचा क्रमांक का कोरू नये? जगात शेकडो आकारांचे हँगर आहेत. साधारण तसाच दिसणारा दुसरा बसत नाही. २०१९ मध्ये स्रॅमने सर्व फ्रेमना चालेल असा एक समान हँगर पुढे आणला आणि अनेक परदेशी कारखान्यांनी तो घेतला. शाळकरी मुलांच्या स्वस्त सायकलींना अशा समान मापाची गरज अधिक आहे, कारण एक न मिळणारी पट्टी म्हणजे वर्षभर जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल आणि रोजचे बसचे भाडे. सायकल कारखानदारांनी हे स्वतःहून केले नाही तर सरकारने मानक म्हणून ते सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक. येथील काळी माती पावसात फुगते आणि पिंजऱ्यात लोण्यासारखी भरते. गोरेवाड्याकडच्या कच्च्या वाटेवर वाळलेली काटकीही तेच काम करते. साखळी अडली की आपण जोर लावतो. तो जोर किती असतो ते पाहा. ६० किलो वजनाचा मुलगा १७० मिलीमीटर लांबीच्या पायडल-दांड्यावर उभा राहिला. २४ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या साडेअठ्ठेचाळीस मिलीमीटर. तरफेच्या नियमाने साखळीवरचा ताण साडेतीन पट, म्हणजे सुमारे २१० किलो वजनाइतका झाला! एवढ्या ताणापुढे बोटभर हँगरचा काय पाड? करकर ऐकू येताच पाय थांबवावा, उतरावे, चिखल काढावा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पुरी केली, तेव्हा त्यांच्यामागे मदतनिसांची गाडी होती. शाळेच्या वाटेवर तुमच्यामागे कोणी नसते.

शिक्षकांनी गुणोत्तराच्या तासाला एक सायकल वर्गात उलटी करून ठेवावी. दाते मुलांनाच मोजू द्यावेत. हात काळे होतील, पण रॉकेलचा किंवा साबणाचा खर्च फारसा येणार नाही. मोजलेले आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा : पुढचे मोठे आणि लहान, मागचे मोठे आणि लहान, आणि शिफ्टरवरचे नाव. दुकानात जाताना ती वही आणि जुना हँगर, दोन्ही बरोबर न्या.