पाटी पुसण्याआधी

मंडळी, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितेय. मराठी माध्यमातून बी.ए., मग उभा जन्म शाळेत गेला, आणि विषय काय तर क्लाउडवरची मशीनं! "मावशीला हे कुठून सुचलं?" असं भाचवंडं म्हणणारच. पण सूनबाई हेच काम करते, तेही घरून. रोज कानावर पडून पडून माझंही एक मत झालं आहे. ते असं, की या लोकांना पाटी पुसायची फार घाई असते.

आधी थोडं समजावून सांगते (सवय जात नाही!). क्लाउडवर भाड्याने मिळणारं मशीन ही वेगळी पेटी नसते. मोठ्या संगणकात आडभिंती घालून केलेली ती एक खोली. ॲमेझॉनने २००६ साली अशा खोल्या तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. अशी पुष्कळ मशीनं एकसारखी हवी असली की टेम्प्लेट करतात. आमच्या वेळी चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईलवर निघत. स्टेन्सिल एकदा कापलं की शंभर प्रती. टेम्प्लेट म्हणजे तेच स्टेन्सिल. त्यात स्टार्टअप स्क्रिप्ट असते, म्हणजे मशीन जागं झाल्यावर करायच्या कामांची यादी. हे सॉफ्टवेअर उतरवून घे, ती फाईल आण, अमुक सेवा सुरू कर.

ही यादी चुकायला कारणं बारीकसारीकच असतात. विंडोजवर लिहिलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह राहतं, लिनक्स तिथेच अडखळतं. एखादं सॉफ्टवेअर मध्येच "हो की नाही?" विचारतं आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. ॲमेझॉनवर ही स्क्रिप्ट एरवी पहिल्यांदा सुरू होतानाच चालते, गूगलच्या क्लाउडवर मात्र दर वेळी. हे ठाऊक नसलं तर माणूस स्क्रिप्ट दुरुस्त करून मशीन बंद-चालू करत बसतो, आणि फरक काहीच पडत नाही!

गर्दी वाढली की नवी मशीनं आपोआप निघतात. एखादं आजारी दिसलं तर ते आपोआप काढून दुसरं बसवण्याचीही सोय असते. सोय उत्तमच. पण खोट स्टेन्सिलमध्ये असेल तर दुसरंही आजारीच निघणार, आणि तिसरंही. शिवाय काय बिघडलं हे ज्या लॉग फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती दुसरीकडे ठेवलेली नसेल तर मशीनबरोबरच जाते.

सूनबाईच्या ऑफिसात असंच झालं. रात्रभर मशीनं येत होती, जात होती. आदल्या दिवशी एका नव्या मुलाने स्क्रिप्टची एक ओळ बदलली होती. झालं, सगळ्यांचं बोट त्याच्याकडे! तो बिचारा गप्प. सूनबाईने आपोआप बदलायचं थांबवलं, एक आजारी मशीन तसंच ठेवलं आणि लॉग वाचला. बाहेरून आणायचं एक सॉफ्टवेअर उतरलंच नव्हतं. तरी पुढच्या ओळी चालत राहिल्या आणि शेवटच्या ओळीने "झालं" असं छापलंसुद्धा. मुलाच्या ओळीत काही चूक नव्हती.

यात मशीनचं काही लबाड वागणं नाही. बॅशची रीतच तशी, एक आज्ञा फसली तरी पुढची करायची. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' लिहिलं तर सहसा चुकलं तिथेच ती थांबते. एवढी एक ओळ लिहायचा आळस का?

मी सूनबाईला म्हटलं, आधी वाचत का नाही तुम्ही? ती म्हणाली, "आई, आमच्यात म्हणतात, मशीनं म्हणजे लाडाचं मांजर नव्हे, गुरं समजा. एक गेलं तर दुसरं." हे म्हणणाऱ्याने गोठा पाहिलेला दिसत नाही! माझ्या माहेरी गुरं होती. एक दगावलं की वडील आधी गुरांच्या डॉक्टरांना बोलवायचे, कारण बाकीची त्याच गोठ्यात बांधलेली असायची.

नवं मशीन दोन मिनिटांत मिळतं हे मला मान्य आहे. रात्री दोन वाजता ग्राहक खोळंबले असताना आधी काम चालू करावं, हेही पटतं. पण लॉग दुसरीकडे साठवण्याची व्यवस्था करता येते, ती आधीच करून ठेवावी. नाहीतर पुरावा जातो आणि संशय राहतो. आणि हा संशय साहेबावर कधी जात नाही, सगळ्यात नव्या पोरावर जातो. वर्गातही मी हेच पाहिलं. गणित चुकलं की मुलं घाईघाईने पाटी पुसायची, आणि कुठली पायरी चुकली ते ना त्यांना कळायचं ना मला.

असो. तुमच्यापैकी बरेच जण याच कामात आहेत. तुमच्याकडे आधी वाचतात की आधी पुसतात, जरूर कळवा.