कम्युनिटी कॉलेज : नाव उचलले, शिडी विसरलो

जून महिना उजाडला की मध्यमवर्गीय घरांत दोन प्रकारच्या मुलांची चर्चा सुरू होते. नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मुलाची चर्चा दिवाणखान्यात, पेढ्यांच्या ताटासह, पाहुण्यांसमोर होते. पन्नास टक्क्यांच्या आसपास अडकलेल्या मुलाची चर्चा स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात होते. आपली वृत्तपत्रे, आपली मार्गदर्शन शिबिरे आणि प्रांजळपणे सांगायचे तर आपल्याच कार्यकर्त्यांनी भरविलेले गुणगौरव समारंभ, हे सारे पहिल्या मुलासाठी असते. संख्येने कितीतरी अधिक असलेल्या दुसऱ्या मुलासाठी समाजाने काय ठेवले आहे?

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या वस्तीतील एक वहिनी घरी आल्या. पती चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार; मुलगा बारावी वाणिज्य शाखेत अठ्ठेचाळीस टक्के मिळवून उत्तीर्ण. त्यांच्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक होते. मुखपृष्ठावर परदेशी चेहऱ्यांची हसरी तरुणाई, त्याखाली ठळक अक्षरांत 'कम्युनिटी कॉलेज', आणि आत 'जागतिक दर्जा', 'उद्योगाभिमुख शिक्षण', 'नोकरीसाठी शंभर टक्के साहाय्य'. 'हमी' न लिहिता 'साहाय्य' लिहिले होते, ही मजकूर लिहिणाऱ्याची हुशारी. शुल्क ४५ हजार रुपये. "भाऊजी, तुम्ही एकदा वाचून सांगा, यातून याचं पुढं काय होईल," वहिनी म्हणाल्या. बारा पानांचे ते माहितीपत्रक मी दोनदा वाचले. पुढे काय होईल, एवढी एकच गोष्ट त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तेथे गेलो. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण दुखणे एका संस्थेचे नाही. वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम होता. कार्यशाळा दाखवा म्हटल्यावर किल्ली शोधण्यात वीस मिनिटे गेली. आत खिडकीत बसवायची दोन जुनी यंत्रे, एक फळा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलाने धीर करून विचारले, "सर, हे झाल्यावर मला पदवीला जाता येईल का?" प्रवेशाच्या टेबलावरचे गृहस्थ उत्तरले, "अरे, आधी हे तर पूर्ण कर!" त्यांच्या स्वरात उपहास नव्हता. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

ज्या देशातून आपण हे नाव उचलले, तेथे मात्र या संस्थेचा जन्मच त्या मुलाच्या प्रश्नातून झाला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या ६ विद्यार्थ्यांवर असे पहिले सरकारी महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा त्याला 'ज्युनिअर कॉलेज' म्हणत. आपल्याकडील अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही. कल्पना साधी होती. पदवीची पहिली दोन वर्षे मुलाने आपल्या गावात, आईबापांच्या घरी राहून शिकावीत आणि नंतर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जावे. म्हणजे शिडी आधी ठरली, इमारत मागाहून आली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलला. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे देशभर जाळे उभारण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. १९६० साली कॅलिफोर्नियाने आपला शिक्षणाचा बृहत् आराखडा केला. गुणवत्तेने वरच्या एक अष्टमांश मुलांसाठी राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालये आणि बाकी सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेज, अशी ती रचना होती. मात्र खालच्या पायरीवरून वरच्या दोन्ही पायऱ्यांवर जाण्याची वाट त्याच आराखड्यात लिहून ठेवलेली होती. अमेरिकेहून सुटीवर आलेला आपला भाचा आपल्याला हार्वर्ड आणि एमआयटीच्या गोष्टी सांगतो. त्याच्या घरापासून दहा मैलांवरील कम्युनिटी कॉलेजविषयी आपण त्याला विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

तेथे मिळते तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रवेशाला गुणांची गाळणी नाही. अठरा वर्षांचा मुलगा, चाळिशीतील गृहिणी आणि कारखाना बंद पडल्याने घरी बसलेला कामगार एकाच वर्गात बसतात. वर्ग सायंकाळी आणि शनिवारीही भरतात, कारण शिकणाऱ्यांपैकी बरेच जण दिवसा पोटासाठी राबत असतात. परिचर्या, जोडकाम, हिशेबलेखन, अग्निशमन असे स्थानिक गरजेचे अभ्यासक्रम असतात. गणितात किंवा भाषेत कच्चा असलेल्याला बाहेर न काढता त्याच्यासाठी पायाभरणीची सोय असते. वार्षिक शुल्क सरासरी ४ हजार डॉलर. त्याच राज्यातील सरकारी विद्यापीठात ते ११ हजारांच्या पुढे जाते. जो बायडन अध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी जिल बायडन उत्तर व्हर्जिनियातील एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवीत होत्या. देशाच्या प्रथम महिलेला तेथील वर्गावर जाण्यात कमीपणा वाटला नाही, एवढे लक्षात ठेवावे.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा हेतू नाही. तेथील अपयशही नोंदले गेले आहे. या महाविद्यालयांत येणाऱ्या बहुसंख्य मुलांना पुढे पदवीच घ्यायची असते. पण सहा वर्षांत ती प्रत्यक्ष मिळविणारे सहांत एक, असेच तेथील अभ्यास सांगतात. कोणी नोकरीच्या ओढाताणीत गळतो, कोणाचे श्रेयांक विद्यापीठ नाकारते. शंभर वर्षे शिडी उभी असूनही जर ही गत, तर जेथे शिडीच लावलेली नाही, तेथे काय होणार?

आपल्याकडे नेमके तेच घडले आहे. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली देशातील पहिले कम्युनिटी कॉलेज काढले. १९९६ साली चेन्नईत ख्रिस्ती धर्मप्रांताने दुसरे काढले आणि पुढे त्या परंपरेतील धर्मगुरूंनी तामिळनाडूत अशा महाविद्यालयांची मालिका उभी केली. आपण त्यांच्या हेतूंवर व्याख्याने देतो. शाळा सोडलेल्या मुलासाठी त्या काळात आपण किती कार्यशाळा उघडल्या, हा हिशेबही कधीतरी मांडावा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने २००९ साली मोठी योजना आणली, शेकडो संस्थांनी नोंदणी केली आणि थोड्याच वर्षांत ती गुंडाळली गेली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, २०१३ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने पुन्हा नव्याने मांडणी केली; २०१४ साली त्याला 'बी. व्होक.' या पदवीची जोड दिली. एक वर्षाला पदविका, दोन वर्षांना प्रगत पदविका, तीन वर्षांना पदवी, अशी कागदावर उत्तम रचना. प्रत्यक्षात ठरावीक मुदतीचे अनुदान, तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि भाड्याने आणल्यासारखी यंत्रे. अनुदान आले तेव्हा फलक लागला. अनुदान आटले तेव्हा फलक राहिला आणि शिकवणे गेले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२१ ची श्रेयांक पेढी आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांनी शिडीच्या पायऱ्या आता नियमांत आणल्या आहेत, हे स्वागतार्ह आहे. परंतु नियम दिल्लीत असतो आणि मुलगा प्रवेशाच्या टेबलापुढे उभा असतो. त्या टेबलावरच्या माणसाला जोवर त्याचा पत्ता नाही, तोवर तो नियम त्या मुलापुरता अस्तित्वातच नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार टाळता येणार नाही. व्यवसायशिक्षणाचे नाव काढले की एक वर्ग म्हणतो, "म्हणजे सुताराच्या मुलाने सुतारच राहायचे आणि साहेबाच्या मुलाने साहेब?" हा आक्षेप 'डाव्यांचा कांगावा' म्हणून झटकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती चुकीची आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ निम्म्यावर आणून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. जातीनुसार धंदा लादणारी योजना म्हणून तिच्यावर काहूर उठले, १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि योजनाही मागे घेतली गेली. राजाजींची विद्वत्ता वादातीत होती, पण त्या बापांचा संशयही निराधार नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खालीच बसविले गेले, त्यांनी खाली बसण्याच्या नव्या आमंत्रणाकडे संशयाने पाहावे, यात नवल कसले? या संशयाचे उत्तर श्रमप्रतिष्ठेच्या भाषणाने देता येत नाही. हातोडी धरणाऱ्या मुलाला हवे तेव्हा अभियंता होण्याची वाट खुली आहे, हे दाखवूनच ते द्यावे लागते.

आणि श्रमप्रतिष्ठेवर बोलण्याचा अधिकार आपल्या पांढरपेशा घरांना आहे काय? मे महिन्यात वातानुकूलन यंत्र बिघडले की दुरुस्ती करणाऱ्याची आपण चातकासारखी वाट पाहतो, तो सांगेल ती रक्कम मुकाट्याने देतो आणि तो गेल्यावर पोराला म्हणतो, "अभ्यास केला नाहीस तर असंच दारोदार फिरावं लागेल." किमान कौशल्य अभ्यासक्रम महाराष्ट्रात आला, तो 'ढ' मुलांचा वर्ग ठरला. तो ठरविला कोणी? शासनाने नव्हे, आपण ठरविला.

वास्तविक ही परंपरा आपल्याला परकी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली बडोद्यात 'कलाभवन' उभारले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि रसायन तेथे देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह होता. जे. जे. कलाशाळेतून आलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात छायाचित्रण आणि मूर्तिकाम शिकले. भारतीय चित्रपटाचा जनक तेथल्या हातकामातून घडला. आपल्याच काळात, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील मानाची नोकरी सोडून शिरूर तालुक्यातील पाबळ येथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळेत न रमलेली खेड्यातील मुले तेथे वर्षभर राहून जोडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया शिकतात. गावाला लागणारी कामे करीत करीत शिकतात. अमेरिकेतून विद्यावाचस्पती होऊन आलेल्या शास्त्रज्ञाला पाबळच्या माळावर ही शाळा काढावीशी वाटली. आपल्यातील किती शिक्षणसंस्थांनी तेथे जाऊन ती पाहिली?

१९८३ हेच वर्ष महाराष्ट्रात दुसऱ्या एका गोष्टीसाठीही लक्षात राहिले आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने त्या वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि पाहता पाहता शिक्षणसम्राटांची फौज उभी राहिली. माळावरच्या शाळेमागे कोणी गेले नाही. देणगीच्या कॉलेजामागे सारे धावले. त्याच कॉलेजांतील हजारो जागा पुढे वर्षानुवर्षे रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा रिकाम्या मजल्यांवर 'कम्युनिटी कॉलेज' आणि 'कौशल्य केंद्र' असे फलक चढू लागले. आमच्या वहिनींच्या हातातील माहितीपत्रक अशाच एका मजल्यावरून आलेले होते.

म्हणून पालकांनी प्रवेशाच्या टेबलापुढे संकोच सोडावा. पदविका कोणत्या विद्यापीठाची, तिचे श्रेयांक मुलाच्या खात्यात जमा होणार काय आणि त्यांवर पुढे कोणत्या पदवीच्या कोणत्या वर्षाला प्रवेश मिळेल, हे लेखी मागावे. कार्यशाळा कुलूप उघडून पाहावी. शिकविणाऱ्याने स्वतः ते काम कधी केले आहे काय, हेही विचारावे. कोणत्या कारखान्याशी करार आहे, हे ऐकून न थांबता मागील तुकडीतील दोन मुलांना भेटावे. हे सारे विचारणे उद्धटपणाचे वाटत असेल, तर मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमाआधी आपण किती चौकश्या करतो, ते आठवावे.

आमच्या परिचयातील एका जुन्या, नावाजलेल्या शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळापुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला. संस्थेची तीन मजली इमारत सायंकाळी पाचनंतर रिकामी असते. तेथे नोकरदार आणि शाळा सुटलेल्यांसाठी सायंवर्ग काढावेत, जवळच्या औद्योगिक वसाहतीतील निवृत्त कुशल कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे आणि विद्यापीठाशी आधी श्रेयांकांचा करार करून मगच पहिला प्रवेश द्यावा, एवढीच मागणी होती. सर्वांनी प्रस्तावाचे कौतुक केले. पुढील बैठकीत घेऊ, असे ठरले. त्यानंतर तीन बैठका झाल्या. तिन्हींत नव्या सभागृहाच्या ध्वनियोजनेवर चर्चा झाली.

वहिनींनी ते ४५ हजार रुपये भरले नाहीत. मुलाने सरकारी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या दोन वर्षांच्या ट्रेडला प्रवेश घेतला. तेथेही खुर्च्या मोडक्या आहेत आणि माहितीपत्रक तर नाहीच. पण आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला थेट अर्ज करता येतो, हे तेथील निदेशकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. त्याचे पहिले वर्ष आता संपले आहे.